काकांनी टाकलेली नवी रॅम

काका चहासुद्धा चालत चालत प्यायचे. कप हातात घेऊन पुढच्या खोलीतून अंगणात, अंगणातून विहिरीकडे. मधेच काही करायचं आठवलं की असतील तिथं कप ठेवायचा आणि निघायचं. संध्याकाळी काकू कुंपणाच्या कडेकडेनं फिरून कप गोळा करायच्या. "लोकायच्या कुंपनाले दोडके लागतेत," त्या मला म्हणाल्या होत्या, "आमच्या कुंपनाले कप लागतेत."

मी कृषी सहायक. घर वरठीचं, पण पहिली नेमणूक सिहोऱ्याला मिळाली आणि मी या दोघांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आले. पुढच्या खोलीत काकांचा स्टुडिओ होता. लग्नाचे फोटो, लग्नाची शूटिंग आणि मग त्या शूटिंगचं मिक्सिंग, म्हणजे कापाकापी करून, मागे गाणी लावून अख्ख्या लग्नाचा एक सिनेमा तयार करायचा. आजूबाजूच्या खेड्यांतली निम्मी लग्नं काकांच्या कॅमेऱ्यातून गेलेली.

राहायला आले त्याच आठवड्यात एकदा बांधावरून परतले तर माझी खाट या भिंतीची त्या भिंतीला गेलेली. काका दारातच उभे, चेहऱ्यावर समाधान.

"पंख्याची हवा तुमच्या पायाले लागून राहिली होती मॅडम. डोक्याले लागली पाह्यजे."

"अहो काका, पण मला विचारायचं तरी."

"इचारलं असतं तं तुम्ही नाही म्हटलं असतं."

काकू मागून हात जोडून दाखवत होत्या. पुढच्या महिन्यात माझ्या दाराच्या बिजागऱ्या डावीकडून उजवीकडे गेल्या. मी पुढं कितीतरी दिवस दार भलतीकडूनच ओढत राहिले. दार चांगलं होतं, खाट चांगली होती. पण काकांना चांगल्या चालणाऱ्या गोष्टीकडे नुसतं बघत राहणं जमायचं नाही. त्यांच्या हाताला सतत काहीतरी उघडायला लागायचं. "चाल, पाहून घेऊ!" असं म्हणाले की काकू पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, शोधायला धावायच्या. त्यांना द्यायला नाही, लपवायला.

लग्नातही तेच. एका लग्नात वाढपी कमी पडले म्हणून कॅमेरा गळ्यात तसाच चालू ठेवून ते पंगतीत वरण वाढत सुटले. त्या व्हिडिओत बराच वेळ नुसती वरणाची बादली दिसते आणि "घ्या हो, घ्या" एवढंच ऐकू येतं. ज्यांचं लग्न होतं ते अजून हा भाग पाहुण्यांना हौसेनं दाखवतात.

तरी लोक काकांकडेच यायचे, त्याला कारण होतं. नवरा-नवरी स्टेजवर ताटकळत असायचे आणि काका मांडवाच्या मागे म्हाताऱ्यांच्या घोळक्यात. कुणाचा तपकीर ओढतानाचा हात, कुणाचं बोळकं हसू, चुलीपाशी बसून गाणाऱ्या बायका. "नवरा-नवरी तं सगळेच काढतेत," ते म्हणायचे. "ते कुठी जाऊन राहिले? बुढे लोक काढून ठेवा लागतेत."

त्या उन्हाळ्यात तिथी दाट होत्या. काकांचा कॉम्प्युटर जुना, काम ढीगभर. एक लग्न मिक्सिंगला लावलं की तो धापा टाकायचा, आणि तो धापा टाकत असताना काका अंगणात येरझाऱ्या घालायचे. शेवटी एक दिवस सकाळीच नागपूरला गेले आणि दुपारी कॉम्प्युटरच्या सामानाच्या बाजारातून एक रॅम घेऊन आले. कॉम्प्युटर काम करताना ज्या पट्टीवर सगळं हाताशी मांडून ठेवतो, ती ही रॅम. जुनी एक होतीच, शेजारची खाच रिकामी होती. काकांनी घामेजल्या हातानंच ती दुसरी पट्टी दाबून बसवली. कंपनी दुसरी, वेग दुसरा, पण खाचेत बसली आणि कॉम्प्युटर सुरूही झाला. पडद्यावर मेमरी दुप्पट दिसली.

"पाहा मॅडम! डबल!" काका मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेले. "आता पाहा कसा पळते."

पळाला खरा. दोन दिवस. मग एका नवरीच्या तोंडावर हिरवे चौकोन उमटले.

आधी वाटलं, त्या एकाच लग्नात काही बिघाड असेल. मग दुसऱ्या लग्नात नवरदेव घोड्यावर चढता चढता थिजला आणि आवाज पुढं निघून गेला. मग मिक्सिंग निम्म्यावर आलं की पडदा निळा व्हायचा, इंग्रजीत काहीतरी लिहून यायचं आणि कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. कधी लगेच, कधी तासाभरानं. कधी दिवसभर काहीच नाही, आणि काका "झालं ठीक" म्हणून मिशीवर हात फिरवत असतानाच पुन्हा निळा.

त्यानंतरचे दिवस त्या घरात कुणीच शांत बसलं नाही. काकांनी पहिला दोष उन्हाला दिला. कॉम्प्युटरचं झाकण काढलं आणि घरातला पाण्याचा कूलर त्याच्या तोंडासमोर आणून ठेवला. काकू म्हणाल्या, "अहो, त्याले दमट लागन नं बाप्पा." मग कूलर गेला, टेबलफॅन आला. मग दोष विजेवर गेला. तुमसरहून नवा स्टॅबिलायझर आला. मग पॉवर सप्लायवर गेला, तोही बदलला. सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकलं. उंदरांवर संशय आला, तेव्हा कॉम्प्युटर पुढच्या खोलीतून मधल्या खोलीत, तिथून काकूंच्या देव्हाऱ्याशेजारी, बुद्धाच्या मूर्तीखालच्या फळीवर गेला. आणि हे सगळं एकदम. वायर बदलायची, लगेच पंखा हलवायचा, लगेच सॉफ्टवेअर टाकायचं. त्यामुळं थोडं बरं चाललं तर कशानं चाललं ते कळायचं नाही, आणि पुन्हा बिघडलं तर कशानं बिघडलं तेही कळायचं नाही.

मी शिवारात रोपवाटिका बघत असायचे तेव्हा फोन यायचा. "मॅडम, माऊस बदलून पाहू का?"

"काका, माऊसचा काय संबंध?"

"नाही, पन पाहून घेऊ."

संध्याकाळी मी आले की उष्ट्या कपांसारख्या वायरी घरभर पडलेल्या असायच्या आणि त्यांतून वाट काढत काका फिरत असायचे. दाढी वाढलेली, एका पायात चप्पल. ज्यांचे व्हिडिओ अडकले ते लोक फोन करत होते. काका सगळ्यांना सांगायचे, "परवा या." परवा कुणी आलं की ते मागच्या दारानं विहिरीवर जायचे.

अशात एक दिवस तो मुलगा आला. मुलगा म्हणजे चांगला बाप्या, जवळच्याच गावचा, बोडीवर, म्हणजे गावच्या तळ्यावर, मासेमारी करणारा. याच सिझनमध्ये, काका नागपूरला जायच्या जरासं आधी, त्याच्या बहिणीचं लग्न काकांनी काढलं होतं. काका विहिरीकडे निघालेच होते, पण त्यानं बाहेरूनच सांगितलं,

"भाऊ, लग्नाचा पिच्चर राहू द्या. घाई नाही त्याची. आजीचं हळदीचं गानं तेवढं देता काय?"

"काहून? काय झालं आजीले?"

"लकवा मारला. उजवं अंग गेलं, अन् बोलनं बंद झालं. डोरे उघडे असतेत, पन बोलता नाही येत तिले. माय म्हनते, तिचं तिलेच आयकवू."

काका थांबले. मग म्हणाले, "देतो." तो गेल्यावर ते थेट कॉम्प्युटरकडे गेले.

आजी मला माहीत नव्हती, पण त्या दिवशी पडद्यावर पाहिली. मांडवाच्या मागे उखळापाशी बसलेली, हाताला हळद, आणि आवाज असा की बाकीच्या बायका आपोआप गप्प झालेल्या. 'बोडीच्या पारीवर पिवरं झालं पानी वं...' लांबलचक गाणं होतं ते. बोडीच्या पाण्यात नवरी हळद धुते, मासोळ्या पिवळ्या होतात, असं काहीबाही पुढं पुढं जाणारं. गाणं ऐन रंगात असताना कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं. काकांनी घाईनं दुसरं कार्ड घातलं होतं, ते घालताना त्यांचा अंगठासुद्धा दिसतो. पहिल्या कार्डाचा भाग नीट वाजला. दुसऱ्या कार्डाचा भाग सुरू झाला आणि आजीच्या तोंडाचे चौकोन झाले. आवाज खरखरला. मग एक चित्र तसंच थिजून राहिलं: आजीचा हात वर, तोंड उघडं.

काकांनी पुन्हा लावलं. पुन्हा. दुसऱ्या प्लेअरमध्ये, मग मोबाइलवर, मग टीव्हीवर. "हे प्लेअरचं झंझट हाय," म्हणत राहिले. कार्डावर मूळ असेल म्हणावं तर कार्ड केव्हाच पुसून पुढच्या लग्नांना वापरलेलं. सिझनमध्ये सगळे तसंच करतात. कॉम्प्युटरमध्ये उतरवलं की कार्ड रिकामं करायचं.

तेव्हा काकूंनी हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि तिथूनच विचारलं, "हे सारं चांगलं चालून राहिलं होतं. मंग तुम्ही नवीन काय आनलं?"

"रॅम."

"मंग ते काढा नं."

"अवो, ते तं नवीन हाय! नवीनमुळं कसं बिघडन?"

मी मोबाइलवर शोधून बघितलं. जगभर कुठं कुठं लोकांनी हीच तक्रार लिहिली होती. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या वेगाच्या रॅम एकत्र टाकल्या आणि कॉम्प्युटर मधेच कोसळायला लागला. तपासायचा उपायही होता. पेनड्राइव्हवर एक प्रोग्राम घ्यायचा, तो रॅमचा कोपरा न् कोपरा तपासतो. पण एका वेळी एकच पट्टी ठेवायची, बाकी कशालाही हात लावायचा नाही, आणि वाट बघायची. तासन् तास.

"वाट बघायची" म्हटल्यावर काकू आणि मी एकमेकींकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी काकांनी जुनी पट्टी एकटी ठेवली, प्रोग्राम सुरू केला, आणि काही वेळानं त्यांची बोटं झाकणाकडे वळायला लागली. तेव्हा काकूंनी त्यांच्या हातात पिशवी दिली. "तुमसरले जा. तांदुळाचं पोतं सांगून ठेवलं हाय, ते आना."

"पोतं मंग आनतो."

"आता आना."

ते गेले. वाटेतूनच फोन सुरू झाले.

"किती झालं?"

"काका, तुम्ही आत्ता तर निघालात."

"लाल काही दिसते का?"

"नाही. सगळं हिरवं."

"थोडं हलवून पाह्यता का?"

फोन काकूंनी घेतला आणि बंद केला.

जुनी पट्टी एकटी: एकही चूक नाही. दुपारी काका पोतं घेऊन आले, पट्टी बदलली, आणि काकूंनी त्यांना पुन्हा बाहेर काढलं, यावेळी भावाच्या घरी. नवी पट्टी एकटी: तीही स्वच्छ. मला वाटलं, संपलं, आता पुन्हा माऊसपासून सुरुवात. पण संध्याकाळी दोन्ही एकत्र टाकल्या आणि जरा वेळातच पडदा लाल ओळींनी भरायला लागला. ओळीमागून ओळ, थांबेचना.

काका पडद्यासमोर उभे राहून बघत राहिले. "दोघी चांगल्या हायेत तं मंग?"

काकू म्हणाल्या, "दोघीही चांगल्याच घरच्या असतीन. पन एका चुलीवर नाही जमत त्याईचं. काढा एकीले."

काकांनी नवी काढली. कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यासारखा हळू झाला, आणि मिक्सिंग पहिल्याच फटक्यात शेवटापर्यंत गेलं. हिरवे चौकोन नाहीत, निळा पडदा नाही. काकांनी मोठ्यानं "हा!" केलं आणि लगेच आजीचं गाणं लावलं. दुसऱ्या कार्डाचा भाग.

चौकोन तसेच. खरखर तशीच. हात वर, तोंड उघडं.

"आता काहून?" ते म्हणाले. "आता तं ठीक झालं नं?"

मला कळलं होतं. काकूंनाही कळलं असावं. पहिलं कार्ड उतरवलं तेव्हा एकच रॅम होती. दुसरं कार्ड उतरवलं ते नागपूरहून आल्यावर. उतरवताना सगळं त्या दोन पट्ट्यांवरूनच गेलं होतं आणि तिथंच सांडलं होतं. आता कॉम्प्युटर बरा झाला तरी फाइलमध्ये जे नव्हतंच ते कुठून दिसणार? मी शेवटी हे हळूहळू सांगितलं.

पुढचे दिवस त्यांनी त्या काळात उतरवलेलं प्रत्येक लग्न उघडून बघितलं. बरीचशी वाचली होती, काहींमध्ये तुकडे गेले होते. ज्यांचं गेलं त्यांना त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं. विहिरीकडे गेले नाहीत. कार्डावरून पुसलेलं परत आणणारी सॉफ्टवेअरं चालवून पाहिली. आजीच्या गाण्याच्या जागी कुण्या भलत्याच वरातीतला बँड निघाला.

मग एका सकाळी ते माझ्या दाराशी आले. "मॅडम, तुमाले त्या आजीच्या गावाले धानाची पाहनी हाय नं? मीबी येतो."

पाहणी मला नव्हती. मी म्हटलं, "हो, चला."

बोडीच्या काठी घर. कुंपणावर जाळी वाळत घातलेली. आजी पडवीत खाटेवर, उशीला टेकवून बसवलेली. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. काकांनी तिच्या पायाला हात लावला. नातवानं टीव्हीला पेनड्राइव्ह जोडला. काकांनी गाणं जिथवर स्वच्छ होतं तिथवरच ठेवलं होतं, पुढचं कापून टाकलं होतं.

पडवीत तिचाच आवाज भरला. 'बोडीच्या पारीवर...' सून हात पुसत बाहेर आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. आजीचे डोळे पडद्यावर. काही कळत होतं की नाही, सांगता येत नव्हतं. मग कडव्याच्या मध्येच, एका शब्दावर, गाणं तुटलं. पडदा काळा.

काका उभे राहून भराभर बोलायला लागले. "याच्या समोरचं गानं गेलं माह्या हातानं. मीच मशीनमंदी भलतं सामान टाकलं. तुमची काही चूक नाही, कार्डाचीबी नाही. मी लय पाह्यलं, पन..." बोलता बोलता ते पडवीतून अंगणात, अंगणातून पडवीत करत होते. नातू म्हणाला, "राहू द्या भाऊ. एवढं तं हाय."

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. आजी डाव्या हातानं खाटेच्या लाकडी कडेवर थापट्या मारत होती. चिडल्यासारखी. सून म्हणाली, "पानी पाह्यजे का माय?" आजीनं मान झटकली. पुन्हा थापट्या. घशातून एक घोगरा सूर निघाला, तुटला, पुन्हा निघाला.

आम्हा सगळ्यांच्या आधी काकांना कळलं. "अवो, गाऊन राहिली ते! तुटलं त्याच्या समोरचं गाऊन राहिली!" आणि ते धावले. कॅमेऱ्याची बॅग गाडीला अडकवलेली होती, आणि गाडी रस्त्यापलीकडे सावलीत.

आजीनं गाणं तुटलं होतं तिथून उचललं. शब्द सगळे नव्हते. काही नुसते वळसे, काही मात्र चक्क शब्द. 'मासोरी', 'पिवरी', आणि शेवटचा 'वं' लांब ओढलेला. लकव्यानंतर लेकीचं नावसुद्धा न निघालेल्या त्या तोंडातून एक अख्खं कडवं निघालं, वाकडं, पण सुरात. सुनेनं पदर तोंडाला लावला. नातू टीव्हीचा रिमोट धरून तसाच राहिला. मोबाइल त्याच्या खिशात होता, माझा हातात होता. आम्हा कुणालाही सुचलं नाही.

काका बॅटरी बसवत बसवत पडवीत आले तेव्हा आजी उशीला टेकून धापा टाकत होती.

"आजी, आनखी एक बार. एकच." त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. आजीनं त्यांच्याकडे बघितलं, डाव्या हातानं पदर ओढला आणि तोंड भिंतीकडे केलं. काका तसेच कॅमेरा धरून उभे. शेवटी सून म्हणाली, "राहू द्या भाऊ आता. दमली ते."

परतताना बोडीच्या पारीवर, म्हणजे बांधावर, आल्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि माझ्याकडे वळले.

"कसं म्हटलं तिनं?"

"शब्द नीट नव्हते काका."

"चाल सांगा."

मला गाता येत नाही. शाळेतल्या प्रार्थनेतसुद्धा मी नुसते ओठ हलवायचे. तिथं, पाण्यात उभ्या बगळ्यांसमोर, मी जमेल तसं गुणगुणले. काकांनी डोळे मिटून ऐकलं. "आनखी एकदा." मी पुन्हा म्हटलं. मग गाडीला किक मारली, थोडं पुढं जाऊन पुन्हा थांबले. "तो 'वं' वर गेला का खाली आला?"

त्यानंतरही ते त्या गावाला कितीतरी वेळा जाऊन आले, कॅमेरा आधीच चालू करून गळ्यात अडकवून. आजी पुढं 'पानी' आणि 'नाही' म्हणायला शिकली. काकांना बघितलं की 'नाही' म्हणायची आणि हसायची. ते हसणं त्यांनी भरपूर काढलं. गाणं तिनं पुन्हा म्हटलं नाही, निदान कुणी ऐकत असताना तरी नाही, आणि पुढच्या थंडीत ती गेली.

माझी बदली आता सानगडीला झाली आहे. इथल्या खोलीत खाट मी लावली तिथंच आहे, दार ज्या बाजूनं उघडायचं त्याच बाजूनं उघडतं. पण मी धान रोवणाऱ्या बायांमध्ये बांधावर उभी असते, आणि अधूनमधून काकांचा फोन येतो. आवाजावरून कळतं की चालत चालत बोलताहेत. तब्येत, पाऊस, काकू, असं काहीच नाही. सरळ विचारतात,

"मॅडम, ते चाल कशी होती?"

मी बायांकडे पाठ करते आणि आठवेल तसं गुणगुणते. पलीकडे थोडा वेळ नुसती पावलं ऐकू येतात.

"नाही," काका म्हणतात. "मागच्या टाइमले वेगरी म्हटली होती तुम्ही."